माझ्या हातचा जॉइंट

जयपूरच्या बनी पार्क भागातल्या त्या घराशी माझी ओळख वडिलांमुळे झाली. वडील रेल्वेत एसी डब्यांचे फिटर होते. भुसावळहून बदली होऊन आम्ही जयपूरला आलो तेव्हा मी तिसरीत होतो, आणि मग परत जाणं झालंच नाही. त्या घरातले काका म्हणजे रेल्वेतले वडिलांचे साहेब. दोघंही इथूनच निवृत्त झाले आणि इथेच राहिले. गणपतीत एकमेकांकडे जाणं, संक्रांतीला तिळगूळ, बाकी वर्षभर फारसं काही नाही. पण मराठी घरं इथे मोजकी, त्यामुळे एवढ्यावरही माणसं एकमेकांना घरची मानतात.

मी आयटीआय करून एसीच्या कामाला लागलो, त्याला आता वीसेक वर्षं झाली. माझं मराठी घरात शिकलेलं. लिहायला बसलो की हिंदी शब्द आधी येतो, मग थांबून मराठी शोधावा लागतो. हे लिहायला एवढा उशीर त्यामुळेच झाला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं कारण ते नाही.

काकांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. काकांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टरांनी सांगितलं, ह्यांना उन्हाळ्यात गारव्यात ठेवा. तेव्हा काकूंनी मला बोलावलं आणि काकांच्या खोलीत नवा एसी मी बसवला. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर आतलं युनिट, गच्चीवर बाहेरचं, आणि दोन्हींच्या मधे तांब्याचे दोन पाइप. ते भिंतीतून बाल्कनीत निघायचे, कठड्याच्या उंचीवरून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि मग वर.

काकांना सांभाळायला एक बाई यायची. पंचेचाळिशीची असेल. जयपूरबाहेरच्या बस्सी गावाहून सकाळच्या बसने यायची, संध्याकाळच्या बसने जायची. आधी तासभर शेजारच्या घरी पोळ्या करायची आणि मग दिवसभर काकांकडे. काकांना ती बाबूजी म्हणायची. काकांच्या तोंडून एक "हं" तेवढा निघायचा, पण तो "हं" कशाचा ते तिला कळायचं. डाव्या हाताची दोन बोटं चादरीवर आपटली की पाणी, डोळे घट्ट मिटले की कूस बदलायची. काकूंना हे सगळं तिनेच शिकवलं होतं. भरवताना ती त्यांना बसमधल्या गोष्टी सांगायची, कंडक्टर कोणाशी भांडला, कोणाची कोंबडी सीटखाली निसटली. काका अर्ध्या चेहऱ्याने हसायचे. मी फिल्टर धुवायला जायचो तेव्हा हे पाहिलेलं आहे.

पहिला उन्हाळा नीट गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला की गारवा कमी झाला आहे. मी गच्चीवर गेलो, दाब मोजायचा गेज लावून पाहिलं, गॅस कमी होता. भरला आणि आलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद पाइपांतून तोच तो गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तो कमी झाला, म्हणजे कुठून तरी बाहेर गेला, एवढाच अर्थ. हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं, मेकॅनिकला असतं. गळती शोधायची तर एकेक जॉइंट उघडा करायचा, साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का ते बघत बसायचं. बारीक गळती असेल तर सगळा गॅस काढून घेऊन आत दाबाने नायट्रोजन भरायचा, काटा उतरतो का ते पाहायचं. माझ्याकडे गॅसचा वास घेऊन टिकटिक करणारं एक मशीनही आहे. एवढं सगळं करायला अर्धा दिवस जातो. गॅस भरायला वीस मिनिटं. मे महिन्यात फोन ठेवायला उसंत नसते, आणि भरलेला गॅस सीझन काढतो. जयपुरात आम्ही सगळेच असं करतो, आणि "सगळेच करतात" हे वाक्य मी त्या काळात मनातल्या मनात बरंच वापरलं.

काकूंकडे आणखी एक सबब होती. आतला जॉइंट तपासायचा तर काकांना उचलून दुसरीकडे न्यावं लागणार, पलंग ओढावा लागणार. त्यांना कशाला त्रास, असं मी म्हणायचो, आणि काकूंनाही ते पटायचं.

तिसऱ्या वर्षी मेच्या अखेरीला पुन्हा गॅस भरला. काकू म्हणाल्या, "दरवर्षी भरावा लागतो का रे हा?"

"तसं नाही काकू. पण इथली गरमी बघा ना. मशीनवर लोड येतो."

गरमीने गॅस उडत नाही. काकू रेल्वे शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना मी नीट सांगितलं असतं तर दोन मिनिटांत समजलं असतं.

जूनमध्ये एका सकाळी अकराच्या सुमाराला बस्सीच्या बाईचा फोन आला. मी तेव्हा वैशाली नगरात कपड्यांच्या एका दुकानात शिडीवर होतो. ती हिंदीत बोलायची, मी इथे मराठी करून लिहितो आहे.

"भैयाजी, एसीतून नुसती हवा येते आहे. बाबूजींना सहन होत नाही."

"कूलर लावा तोपर्यंत."

"कूलरची मोटर जळली आहे. मी ओले टॉवेल अंगावर ठेवते आहे. पण तुम्ही लवकर या."

"येतो. संध्याकाळपर्यंत येतो."

दुकानाचं काम दोनला संपलं. बाहेर गरम वाऱ्याची लू चालली होती, हँडलला हात लावला तरी चटका बसत होता. शेजारच्या दुकानदाराने थांबवून त्याचाही एसी दाखवला. तो करून मी घरी गेलो, अंघोळ केली, जेवलो, आणि उद्या सकाळी पहिलं काम काकूंचं करू असं ठरवलं. फोन करून तसं सांगितलंही नाही.

दुपारी चारच्या सुमाराला काका ग्लानीत गेले होते. अंग तापलेलं, जीभ कोरडी. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा काकू आणि ती बाई काकांचे कपडे न्यायला घरी आल्या होत्या. काकांच्या जवळ शेजारचे कोणी बसले होते.

खोलीत शिरलो तर पलंग रिकामा. त्या दिवशी काकांना उचलायचा प्रश्नच नव्हता. पलंग ओढून, आतलं युनिट भिंतीवरून थोडं सैल करून, मागे हात घालायला मला काहीच अडचण नव्हती. टिकटिक करणारं मशीन खाली स्कूटरच्या डिकीत होतं. मी सरळ गच्चीवर गेलो आणि गॅस भरला.

खाली आलो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. रात्रभर दवाखान्यात बसून त्यांचा चेहरा उतरलेला.

"तीन आठवड्यांपूर्वीच भरलास ना रे? मग हे असं का झालं?"

प्रश्न साधा होता. त्यात माझ्यावर आरोपही नव्हता. पण मला काल न आल्याची लाज होती, आणि त्याहून जास्त भीती होती, की आता त्या विचारतील, तू काल का आला नाहीस. मी नजर चुकवायला म्हणून बाल्कनीकडे पाहिलं. एसीच्या पाइपवर चार टॉवेल वाळत पडले होते. एक जाड, सोलापुरी.

मी म्हणालो, "काकू, ह्या पाइपवर कोणी ओले कपडे टाकतं का? असा भार आला की पाइप ओढला जातो, आतला जॉइंट ढिला होतो, गॅस जातो."

हे मी मराठीत बोललो. बाई तिथेच पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिला काही कळलं नाही. आम्ही दोघं टॉवेलांकडे बघतो आहोत एवढंच तिने पाहिलं. मग काकूंनी हिंदीत विचारलं, "पाइपवर टॉवेल तू टाकलेस?"

"हो माताजी. कालचे आहेत."

"पाइप काय कपडे टाकायची जागा आहे?"

"हलकेच टाकले होते. दोरी भरलेली होती." ती माझ्याकडे वळली. "त्याने काही बिघडलं का, भैयाजी?"

मी हत्यारं पिशवीत भरत होतो. "बिघडू शकतं," म्हणालो.

तेवढं बोलून मी निघालो. पुढच्या कामावर जाताना मला हलकं वाटत होतं, हे मला आठवतं, आणि ते आठवलं की अजून चेहरा गरम होतो.

आठवड्याने काकांची चौकशी करायला फोन केला तेव्हा काकूंनी सांगितलं की काका घरी आले आहेत आणि त्या बाईला काढून टाकलं आहे. पुण्याहून त्यांच्या मुलीने फोनवर फार बोलून घेतलं म्हणे, की ज्या बाईच्या निष्काळजीपणामुळे बाबांवर ही वेळ आली तिला ठेवताच कशाला. "मलाही वाईट वाटलं रे," काकू म्हणाल्या, "पण तू सांगितलंस म्हणून कळलं तरी." मी म्हणालो, हो, सांभाळून राहायला हवं.

तिच्या जागी एजन्सीचा एक माणूस आला. कामाला वाईट नव्हता, पण काकांना तो कळायचा नाही आणि त्याला काका. काका बोटं आपटायचे आणि तो रेडिओ लावायचा. जुलैत मी एकदा सहज गेलो तर काकांनी दारातून येणाऱ्या माझ्याकडे, मग माझ्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. त्यांनी तोंड फिरवलं.

सप्टेंबरमध्ये काकूंचा पुन्हा फोन आला. गारवा कमी झाला होता.

पावसाळा संपला होता, उकाडा होता, पण सीझनची धावपळ नव्हती. आणि तीन महिने त्या पाइपवर कोणी रुमालसुद्धा टाकलेला नव्हता. रस्ताभर मला काय सापडणार आहे ते जवळजवळ माहीत होतं. एजन्सीच्या माणसाने काकांना चाकाच्या खुर्चीत बसवून हॉलमध्ये नेलं. मी पलंग ओढला, स्टुलावर चढलो आणि युनिट भिंतीपासून सुटं केलं.

मागे दोन जॉइंट असतात. पाइपाचं टोक धोतऱ्याच्या फुलासारखं उमलवायचं, त्यावर नट बसवायचा आणि आवळायचा. वरून फोम आणि पांढरी पट्टी गुंडाळायची. मी डावखुरा आहे. इतर मेकॅनिक पट्टी ज्या बाजूने गुंडाळतात त्याच्या उलट माझी फिरते. ती पट्टी उलटी फिरलेली होती आणि एका जागी तेलाने पिवळी पडली होती. गॅसबरोबर आतलं तेलही थोडं थोडं बाहेर येतं. जिथे तेलाचा डाग, तिथे गळती, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं.

पट्टी कापली. मशीन जवळ नेलं तर टिकटिक वाढत वाढत सलग आवाज झाला. ते बंद करून मी नटावर साबणाचा फेस लावला आणि बघत राहिलो. थोड्या वेळाने एक बुडबुडा फुगायला लागला. वाटाण्याएवढा झाला, फुटला. मग दुसरा. कोणी अगदी हळू श्वास सोडावा तसे येत होते.

गॅस बाहेरच्या युनिटमध्ये अडवून घेतला आणि नट उघडला. पाइपाच्या उमललेल्या कडेला केसासारखी चीर होती. कापलेल्या पाइपाची आतली धार घासून काढायची असते, ती काढलेली नव्हती, आणि वर नट एक पिळा जास्त आवळलेला होता. एवढी बारीक चीर आधी काही करत नाही. तांबं गार-गरम होत राहतं आणि ती उघडत जाते. मला तो दिवस आठवला. आखातीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती, लग्नघरांची कामं होती, काकूंचं त्या दिवसातलं तिसरं काम होतं. घाईघाईत मी तो जॉइंट केला होता. घरचेच आहेत, काही झालं तर परत येता येईल, असंही मनात असणार. परक्याच्या कामात मी इतका ढिसाळपणा केला नसता.

स्टुलावर उभा असतानाच दुसरी गोष्ट लक्षात आली. पहिल्या दोन उन्हाळ्यांत त्या पाइपवर मी कधी टॉवेल पाहिलेले नव्हते. ते त्या एकाच दिवशी होते. गॅस गेला, एसी थांबला, मी आलो नाही, म्हणून तिने ओले टॉवेल करून काकांच्या अंगावर ठेवले, बदलत राहिली, आणि ते कुठेतरी वाळत टाकावे लागले. टॉवेलांमुळे गळती झाली नव्हती, गळतीमुळे ते टॉवेल आले होते. सगळी दुपार ती बाई माझ्या हातून झालेली चूक निस्तरत होती आणि तिच्याच माथी मी ती मारली.

पाइपाचं टोक कापून मी नव्याने जॉइंट केला. धार घासली, मोजून आवळला, नायट्रोजन भरून दोन तास थांबलो. काटा हलला नाही. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या.

"सापडलं का?"

"सापडलं."

"कुठे होतं?"

"जॉइंटला."

"म्हणजे तू म्हणाला होतास तेच. भार येऊन ढिला झालेला."

मी चहा घेतला. गरम होता, तरी एका घोटात बराच प्यालो. कप खाली ठेवून जॉइंटवर नवी पट्टी गुंडाळायला घेतली. काकू काकांकडे गेल्या.

मी खोटं बोललो नाही असं म्हणायला जागा होती, आणि घरी जाताना मी ती वापरून पाहिली. पण चिरलेला तुकडा खिशात होता. तो मी घरी ड्रॉवरमध्ये ठेवला, मग तिथून काढून भंगारात टाकला.

त्यानंतर तीन महिने काहीच केलं नाही. दिवाळीला काकूंनी चिवडा पाठवला. मी फोन करून छान झाला म्हणालो.

डिसेंबरमध्ये काकूंच्या शेजारच्या घरी गीझर बघायला बोलावलं. त्या घरच्या बाई राजस्थानी, मोकळ्या स्वभावाच्या. स्वयंपाकघरात त्या स्वतः पोळ्या लाटत होत्या. मी विचारलं, "तुमच्याकडे बस्सीची बाई यायची ना?"

"हो, पण आम्हीही बंद केली. माताजींकडे काय झालं ते ऐकलं. त्या म्हणाल्या, मशीन बिघडवलं आणि कबूलही करत नव्हती. मग भीती वाटते. शेगडीजवळचं काम आहे." थोडं थांबून म्हणाल्या, "पोळ्या मात्र तिच्यासारख्या कोणाच्या होत नाहीत."

दुसरं घर गेल्याचं मला तेव्हा कळलं. गल्लीत सगळ्यांना माझंच वाक्य माहीत होतं आणि ते माझं आहे हे कोणाच्या लक्षात नव्हतं.

दोन दिवसांनी मी बस्सीला गेलो. तिचा नंबर फोनमध्ये होता, पण फोनवर बोलायची हिंमत झाली नाही. बसस्टँडजवळच्या किराणा दुकानात विचारलं तेव्हा घर सापडलं. ती अंगणात उन्हात बसून मटार सोलत होती, शेजारी पोतं, पुढे टोपलं. कोणा व्यापाऱ्याचं काम होतं. मला पाहून तिने ओढणी सावरली आणि पहिलं विचारलं ते बाबूजींबद्दल.

"बरे आहेत," मी म्हणालो. मग म्हणालो, "फारसे बरे नाहीत. जेवत नाहीत."

तिने खाट दाखवली. मी बसलो आणि सगळं सांगितलं. जॉइंट माझा होता, चीर माझ्या हातची होती, टॉवेलांचा काही संबंध नव्हता, आणि हे मला सप्टेंबरपासून माहीत आहे. मी माफी मागितली. ती ऐकताना मटार सोलतच राहिली. नखाने शेंग उघडायची, दाणे टोपल्यात, साल बाजूला.

"त्या दिवशी तुम्ही तुमच्या भाषेत बोललात," ती म्हणाली. "मला कळलंच नाही काय चाललंय. मला वाटलं बाबूजींचं काही सांगताय. घरी येताना बसमध्ये विचार करत होते, मी नेमकं काय केलं."

"चूक झाली माझी."

"चूक जॉइंटची ना? ती होते. माझी भाजी करपते." तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुम्हाला मी अकराला फोन केला होता. ते तरी सांगायचं होतं माताजींना. मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, त्याला कशाला मधे आणतेस."

मी म्हणालो, "मी काय करू ते सांगा."

"इथे अंगणात मला एकटीला सांगून काय होणार? मला तर माहीतच होतं मी काही केलं नाही. जिथे बोललात तिथे जाऊन बोला. आणि शेजारच्या बाईंसमोर बोला. हिंदीत."

निघताना तिच्या सुनेने चहा विचारला. मी नको म्हणालो. बाईने आग्रह केला नाही.

परतल्यावर लगेच गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. आठ दिवस गेले. रोज दुसरं काम निघायचं, किंवा मी काढायचो. नवव्या दिवशी शेजारच्या बाईंना फोन करून म्हणालो, पाच मिनिटं माताजींकडे याल का, एसीबद्दल सांगायचं आहे. त्या आल्या. काकू स्वेटरचे टाके मोजत होत्या. काका पलंगावर जागे होते, आणि दार उघडं होतं, त्यामुळे त्यांनाही ऐकू गेलं असणार.

मी हिंदीत बोललो. काकूंशी आयुष्यात पहिल्यांदाच. सुरुवातीलाच त्या म्हणाल्या, "अरे, हिंदीत काय बोलतोस?" मी थांबलो नाही. थांबलो असतो तर मराठीत गेलो असतो, आणि मराठीत मी काहीतरी वाट काढली असती. जॉइंट, चीर, अकराचा फोन, मी घरी जाऊन जेवलो ते, सप्टेंबरचा चहा, सगळं सांगितलं. शेजारच्या बाई "हे राम" एवढं म्हणाल्या आणि खाली बघत राहिल्या.

काकूंनी सुया बाजूला ठेवल्या. मग मराठीत म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं. कुठे होतं म्हणून विचारलं होतं."

"हो काकू."

"मला तू फसवलंस ते जाऊ दे. मी त्या बाईला ओरडले. तिने माझे पाय धरले होते. मला वाटलं, चूक पकडली गेली म्हणून धरते आहे." त्यांचा आवाज शिक्षिकेचा होता, चढलेला नव्हता. "तुझ्या वडिलांना मी ओळखत होते."

मी उभाच होतो. त्यांनी फोन उचलला आणि बस्सीला लावला. नंबर त्यांनी पुसलेला नव्हता. मी पायऱ्या उतरत असताना त्यांचं हिंदी ऐकू येत होतं, अडखळत, मधेच मराठी शब्द.

पुढच्या रविवारी ती आली, असं काकूंनीच मला नंतर सांगितलं. काकांच्या उशाशी बसली, त्यांचा डावा हात हातात घेतला. काकांनी चादरीवर दोन बोटं आपटली. तिने पाणी दिलं. त्या दिवशी ते वरणभात पोटभर जेवले. काकूंनी तिला परत यायला सांगितलं, पगार, सुट्टी, सगळं ती म्हणेल तसं. ती नाही म्हणाली. रागाने नाही. म्हणाली, माताजी, आता इथे माझा हात प्रत्येक वस्तूला लागताना थरथरेल. महिन्यातून दोनदा मात्र येत राहिली, नुसती भेटायला. फाल्गुनात काका गेले तेव्हा ती आली होती, आणि बायकांमध्ये न बसता दारातच बसली होती. मी पुरुषांत उभा होतो. आमची नजरानजर झाली, तिने मान हलवली. त्याचा अर्थ मला लागला नाही.

काकू पुण्याला मुलीकडे गेल्या. जाण्याआधी त्यांनी मला एसी काढायला बोलावलं, दुसऱ्या कोणाला नाही. काम करताना खुर्ची घेऊन समोर बसल्या होत्या आणि प्रत्येक गोष्ट विचारत होत्या, हा नट कशाचा, हा व्हॉल्व्ह का बंद केलास. मी सगळं नीट सांगितलं. जाताना आशीर्वाद दिला, नेहमीसारखा. नेहमीसारखा वाटला नाही, पण तो माझाही दोष असेल.

बनी पार्कमधली तीन-चार घरं आता मला बोलवत नाहीत. ते बरोबरच आहे. मी आता गळती शोधल्याशिवाय गॅस भरत नाही. मे महिन्यात लोक वैतागतात, दुसऱ्याला बोलावतात, आणि दुसरा वीस मिनिटांत भरून जातो. ह्याने जुनं काही भरून निघतं असं मला वाटत नाही. जूनमधल्या त्या दुपारी काकांच्या शरीराने जे सोसलं, ते पुढे किती नडलं, हे कोणी सांगू शकणार नाही. डॉक्टरांना विचारायची मला हिंमत झाली नाही.

काकूंनी जाण्याआधी त्या बाईला वैशाली नगरातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे काम लावून दिलं होतं. ह्या वर्षीच्या मेमध्ये दुपारी तिचा फोन आला. नंबर पाहून मी काम थांबवलं.

"भैयाजी, इथे मेकॅनिक आला आहे. म्हणतो गॅस कमी आहे, भरून देतो. त्याला काय विचारू?"

"विचारा, गॅस गेला कुठून ते दाखव. फेस लावून दाखव म्हणा. आतल्या युनिटच्या मागेही बघायला सांगा."

"मागे. बरं."

"मी येऊ का? जवळच आहे मी."

"नको," ती म्हणाली. "तो बघेल. मी उभी आहे इथे." आणि फोन ठेवला.